पगारी रजा कशी मोजायची, कशी मागायची आणि नाकारली तर काय करायचं

मी नऊ वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमधे होते, म्हणजे मस्टर (हजेरीपट), ओव्हरटाइमची स्लिप, खाडे, गेटपास आणि प्रत्येकाचं रजेचं कार्ड हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. तिथे बसून एक गोष्ट इतक्या वेळा बघितली की आता गप्प बसवत नाही. लोकांना रजा मिळत नाही ती बऱ्याचदा कायद्यात नाही म्हणून नाही, तर त्यांनी ती तोंडी मागितलेली असते म्हणून.

आमच्याकडे मशीनवर एक काका होते. दरवर्षी गावच्या जत्रेला जायचं म्हणून सुपरवायझरला विचारायचे, "साहेब, आठ दिवस जाऊ का", साहेब म्हणायचे "आत्ता लोड आहे, पुढच्या महिन्यात बघू", आणि काका मान हलवून परत मशीनवर. डिसेंबर संपला की माझ्याकडे त्यांचं कार्ड यायचं, तीस दिवसांवर जेवढी रजा असेल तेवढी वरच्या आदेशानुसार कापायची आणि लाल पेनने नवीन शिल्लक लिहायची. अशी कितीतरी वर्षं. रिटायर झाले तेव्हा हातात पडला फक्त तीस दिवसांचा पगार, आणि मी ते कार्ड पुढून मागून उलटून बघितलं तर "रजा नाकारली" असा एकही शेरा नाही, कारण अर्जच नव्हता एकसुद्धा. कायद्यात स्पष्ट आहे की मागितलेली आणि नाकारलेली रजा कितीही साठवता येते, तिला तीस दिवसांची मर्यादा नाही. काकांनी दरवर्षी चार ओळी लिहून दिल्या असत्या तर ते सगळे दिवस त्यांचे होते. त्या कापलेल्या दिवसांवर माझ्या हातची सही आहे आणि हे मला अजून टोचतं, म्हणून हा लेख.

खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या खाजगी नोकरीतल्या माणसांसाठी आहे, कारखाना, वर्कशॉप, दुकान, ऑफिस, हॉटेल, गोडाऊन वगैरे. सरकारी नोकरीचे रजा नियम वेगळे असतात, ते इथे नाहीत.

आधी हे बघा की तुम्हाला कुठला कायदा लागतो

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने २९ कायदे त्यात गेले, त्यात १९४८ चा कारखाने अधिनियम पण आला ज्यावर आमचं सगळं रजेचं काम चालायचं. रजेचा विषय आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत आहे, कलम ३२, हा नंबर लक्षात ठेवा कारण अर्जात लिहायला लागतो. ही संहिता दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते. पगाराच्या आणि हिशेबाच्या भानगडी वेतन संहितेत, आणि बाळंतपणाची रजा, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) हे सामाजिक सुरक्षा संहितेत.

दुकानं, ऑफिसं, हॉटेलं, आयटी कंपन्या यांच्यासाठी याशिवाय आपल्या राज्याचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे, त्यात सीएल (किरकोळ रजा) आणि सणाच्या सुट्ट्या आहेत ज्या केंद्राच्या संहितेत नाहीत. तो मूळ दहा कामगारांपासून लागू होता, सप्टेंबर २०२५ मधे राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर न्यायचा निर्णय घेतला, त्यामुळे तुमच्या ठिकाणी दहा ते एकोणीस माणसं असतील तर संहितेच्या कलम ३२ वर भर द्या.

माणसं मोजताना कंत्राटी पोरांना विसरू नका. पुष्कळ ठिकाणी मालकाच्या स्वतःच्या पेरोलवर सात माणसं आणि बाकी वीस कंत्राटदाराची असतात आणि मग सांगितलं जातं की आपल्याला कायदा लागत नाही. कंत्राटी कामगारालासुद्धा रजा आहे. द्यायची जबाबदारी आधी कंत्राटदाराची, पण त्याने पगाराचे पैसे बुडवले तर मूळ मालकाला भरावे लागतात, तो "तुमचं आमचं काही नातं नाही" असं म्हणून सुटू शकत नाही.

अजून एक, संहितेतली ही रजा "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. मॅनेजर किंवा प्रशासकीय काम करणारे त्यात नाहीत आणि महिना १८,००० च्या वर पगार असलेले सुपरवायझर पण नाहीत. पण इथे हुद्द्याच्या नावावर जाऊ नका, कामावर जा. लेटरवर "एक्झिक्युटिव्ह" लिहिलंय आणि दिवसभर तुम्ही पॅकिंग करताय किंवा बिलं टाकताय, हाताखाली कोणी नाही, कोणाची रजा तुम्ही मंजूर करत नाही, तर तुम्ही कामगारच. ज्यांना खरंच हे लागू नाही त्यांनी आपलं अपॉइंटमेंट लेटर आणि कंपनीची लीव्ह पॉलिसी काढून वाचायची, त्यांचा हक्क त्या करारातून येतो. आणि अपॉइंटमेंट लेटर सगळ्यांना द्यायचं बंधन आता संहितेत आहे, नसेल मिळालं तर पहिला अर्ज त्याचाच करा.

कुठली सुट्टी कशात मोडते

इथे लोकांचा फार गोंधळ असतो, सगळ्याला "सुट्टी" म्हणतात आणि मग एकाच्या बदल्यात दुसरी कापली तरी कळत नाही.

साप्ताहिक सुट्टी ही वेगळीच चीज आहे, ती रजेत मोजायचीच नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मधे मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढली, कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, म्हणजे या एका दिवसासाठी आपल्याच माणसांनी किती वर्षं घातली बघा. आज कायदा सांगतो की आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही. साप्ताहिक सुट्टीला बोलावलं तर बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायला लागते. दुकान कायद्यात साप्ताहिक सुट्टी पगारी आहे, रोजंदारीवाल्यालासुद्धा, हे फार कमी जणांना माहीत असतं.

हक्काची रजा, जिला पीएल किंवा ईएल म्हणतात, ती तुम्ही काम करून कमावलेली असते. वीस दिवस काम केलं की एक दिवस. या लेखाचा मुख्य भाग हीच आहे.

सीएल म्हणजे किरकोळ रजा, दुकान कायद्यात वर्षाला आठ दिवस भरपगारी, तिमाहीला खात्यात जमा होते आणि डिसेंबरला वापरली नाही तर जाते. ही साठत नाही, त्यामुळे आधी सीएल वापरा आणि पीएल राखा, उलटं करू नका.

सणाच्या सुट्ट्या दुकान कायद्यात आठ आहेत, त्यातल्या चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि बाकीच्या मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि शिवाय बदली सुट्टी, दोन्ही. "दुप्पट घे नाहीतर सुट्टी घे" असं नाही, दोन्ही. कारखान्यांत सणाच्या सुट्ट्या बहुतेक ठिकाणी युनियनच्या करारातून किंवा चालत आलेल्या प्रथेतून ठरलेल्या असतात, तिथे नोटीस बोर्डवरची यादी दर जानेवारीत मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आजारपणाची एसएल म्हणून जी असते ती दुकान कायद्यातही नाही आणि संहितेच्या कलम ३२ मधेही नाही. ती कंपनीच्या पॉलिसीतून येते. कायद्याने आजारपणाचा आधार आहे तो ईएसआयमधून, त्यावर पुढे लिहिलंय.

मतदानाची सुट्टी पण लक्षात असू द्या. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्यायची हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब मधे आहे आणि रोजंदारी कामगारालाही त्या दिवसाचा पगार मिळतो. अपवाद फक्त अशा कामाचा, जिथे माणूस नसला तर धोका किंवा मोठं नुकसान होईल.

हक्काची रजा मोजायची कशी

आता वही घ्या.

आधी कामाचे दिवस मोजा. कॅलेंडर वर्षात, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, १८० दिवस काम झालं असेल तर रजा बसते. जुन्या कारखाने कायद्यात हा आकडा २४० होता आणि दुकान कायद्यात अजूनही २४० लिहिलेला आहे, त्यामुळे बऱ्याच एचआरवाल्यांच्या डोक्यात २४० च बसलाय. तुमचे दिवस १८० आणि २४० च्या मधे असतील तर अर्जात संहितेच्या कलम ३२ चा उल्लेख नक्की करा.

१८० मोजताना ले-ऑफचे दिवस (काम नाही म्हणून मालकाने तात्पुरतं घरी बसवलेले), २६ आठवड्यांपर्यंतची बाळंतपणाची रजा, आणि त्या वर्षी घेतलेली पीएल हे सगळं धरायचं. म्हणजे पात्र ठरण्यासाठी ते दिवस धरतात, पण त्या दिवसांवर नवीन रजा मिळत नाही. उदाहरण देते. एका बाईने वर्षात १०० दिवस प्रत्यक्ष काम केलं आणि बाकी बाळंतपणाची रजा १८२ दिवस. बेरीज २८२, म्हणजे ती पात्र. रजा मात्र १०० भागिले २० म्हणजे ५ दिवस. आमच्याकडे अशा बायकांच्या कार्डावर सरळ शून्य लिहायचे, कारण कोणी विचारायचंच नाही.

मग भागाकार. २८० दिवस काम झालं तर २८० भागिले २०, १४ दिवस. अठरा वर्षांखालच्या किशोर कामगारांना आणि खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्यांना १५ दिवसांना एक असा दर आहे.

वर्षाच्या मधे लागलात तर १८० ची अट नाही, तुम्ही लागल्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत जेवढे दिवस उरतात त्याच्या एक चतुर्थांश काम झालं तरी पुरे. १ जुलैला लागलात तर १८४ दिवस उरतात, त्याचे ४६. समजा १४० दिवस भरले तर ७ दिवसांची रजा तुमची. "अजून वर्ष झालं नाही, प्रोबेशन आहे, रजा नाही" हे जे तोंडावर फेकलं जातं ना, त्याला उत्तर हे आहे.

आणि आता तो सँडविचचा प्रकार. शुक्रवारी रजा, सोमवारी रजा, मधला शनिवार रविवार पण रजेत धरून चार दिवस कापायचे. हक्काच्या रजेच्या बाबतीत हे चालत नाही. कलम ३२ मधेच आहे की रजेच्या मधे आलेल्या सुट्ट्या किंवा रजेच्या आधी नंतर जोडून आलेल्या सुट्ट्या रजेतून वगळायच्या. म्हणजे कापायचे फक्त दोन. पेस्लिपवर शिल्लक दाखवतात ती दर महिन्याला वहीतल्या आकड्याशी जुळवा, पाच मिनिटांचं काम आहे आणि चूक तेव्हाच सापडली तर दुरुस्त पण होते, तीन वर्षांनी सापडली तर कोणी ऐकत नाही.

एका दिवसाचे किती पैसे

रजेवर असताना किंवा रजा विकताना (म्हणजे न घेतलेल्या रजेचे पैसे घेताना) दिवसाचा दर काय धरतात यावर सगळा खेळ असतो. बऱ्याच कंपन्या बेसिक खूप कमी ठेवायच्या आणि बाकी सगळं भत्त्यात टाकायचे, मग रजेचे पैसे बेसिकवर काढायचे. नव्या संहितांमधे वेतनाची व्याख्या बदललीय. बेसिक आणि महागाई भत्ता (डीए) हे वेतन, आणि घरभाडं, कन्व्हेयन्स असे जे वगळलेले भत्ते आहेत ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा.

समजा एकूण पगार २६,००० आहे, बेसिक आणि डीए मिळून ९,१०० आणि वगळलेले भत्ते १६,९००. निम्मे म्हणजे १३,०००. भत्ते त्याच्या वर ३,९०० जातात, ते बेसिकमधे टाकायचे, म्हणजे वेतन झालं १३,०००. २६ ने भागलं तर दिवसाचे ५००. जुन्या पद्धतीने नुसत्या बेसिकवर काढलं असतं तर ३५०. चौदा दिवसांच्या रजेचे ७,००० विरुद्ध ४,९००, म्हणजे २,१०० चा फरक एका वर्षाच्या रजेत.

२६ ने भागायचं की ३० ने, हा दुसरा मुद्दा. कंपन्या दोन्ही करतात आणि ३० ने भागलं की कामगाराचं नुकसान होतं. अर्जात सरळ विचारा की दिवसाचा दर कुठल्या रकमेला कितीने भागून काढलाय, आणि उत्तर लेखी घ्या. खाडा झाला की पगार २६ ने भागून कापायचा आणि रजा विकत घेताना मात्र ३० ने भागून द्यायची, हे मी माझ्या डोळ्याने बघितलंय, दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले तर समोरच्याला उत्तर देता येत नाही.

अर्ज कसा करायचा, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग

पंधरा दिवस आधी करा. दुकान कायद्यात पंधरा दिवस आधी अर्ज केलेला असेल आणि मालकाने नाकारला तर ४५ दिवसांवरच्या रजेचे पैसे मागायचा हक्क तयार होतो (त्या कायद्यात साठवणुकीची मर्यादा ४५ आहे). संहितेत मर्यादा ३०, पण अर्ज करून नाकारलेली रजा कितीही पुढे नेता येते. दोन्हीकडे गोष्ट एकच, अर्ज असेल तर नाकारण्याला किंमत आहे, अर्ज नसेल तर तुम्ही मागितलीच नव्हती असं धरलं जातं.

फार साहित्यिक लिहायचं नाही, एवढं पुरतं:

"प्रति, व्यवस्थापक. विषय: हक्काची पगारी रजा मिळणेबाबत. मी, टोकन नंबर अमुक, विभाग अमुक, दिनांक अमुक ते अमुक अशी एकूण सहा दिवसांची हक्काची रजा मागत आहे. माझ्या हिशेबाप्रमाणे आज माझ्या खात्यात २२ दिवस शिल्लक आहेत. रजा मंजूर करता येत नसेल तर कारणासह लेखी कळवावे, आणि ही रजा कलम ३२ प्रमाणे नाकारलेली रजा म्हणून माझ्या खात्यात पुढे ओढावी. आपला विश्वासू."

शेवटचं वाक्य गाळू नका, जीव त्यातच आहे.

दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर तारीख आणि सही घ्या, म्हणजे पोचपावती. सही देत नसतील, आणि बरेचदा देत नाहीत, तर भांडत बसू नका, तोच अर्ज कंपनीच्या ईमेलवर पाठवा, नाहीतर पोस्टाने स्पीड पोस्ट करा आणि पावती जपून ठेवा. कंपनीचं रजेचं अॅप असेल तर अर्ज टाकल्यावर आणि रिजेक्ट झाल्यावर दोन्ही वेळा स्क्रीनशॉट, कारण नोकरी सुटली की अॅपचा लॉगिन पहिल्याच दिवशी बंद होतो आणि मग तुमच्याकडे काही राहत नाही. सुपरवायझरने व्हॉट्सअॅपवर "नाही जमणार" लिहिलं तर तेही ठेवा. तोंडी नाही म्हणाला तर त्याच दिवशी मेसेज करा, "साहेब, आज आपण १० तारखेपासूनची माझी रजा नाकारलीत, नोंद म्हणून कळवतोय." उत्तर नाही आलं तरी चालतं, तुमचा मेसेज तारखेसकट तिथे आहे.

मला माहितीये लोकांना भीती वाटते, लेखी दिलं की डोळ्यात येऊ, पुढच्या महिन्यात नाइट शिफ्ट लावतील. ही भीती खोटी नाहीये. म्हणून एकट्याने करू नका, सेक्शनमधल्या चार पाच जणांनी आपापले अर्ज एकाच आठवड्यात द्या, भाषा नम्र ठेवा. टाइम ऑफिसमधे बसून सांगते, एकटा अर्ज ड्रॉवरमधे जायचा पण पाच अर्ज एकदम आले की साहेब आम्हाला बोलावून विचारायचे "कायद्यात काय आहे ते काढा जरा".

वर्षाच्या शेवटी आणि नोकरी सोडताना

कलम ३२ प्रमाणे वर्षअखेर तुम्ही मागणी केली तर रजेचे पैसे मिळतात, आणि तीस दिवसांवर गेलेली रजा तर विकायचा हक्क आहेच. मागणी केली तर, हे शब्द नीट वाचा, आपोआप मिळत नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चिठ्ठी द्या. काकांच्या वेळी कार्डावर लाल पेनने जे कापलं जायचं ते आता पैशात मागता येतं.

नोकरी सोडली, काढलं, काहीही झालं तरी शिल्लक रजेचे पैसे मिळतात, आणि त्या वर्षी १८० दिवस भरले नसले तरी केलेल्या कामाच्या प्रमाणात मिळतात. मुदत किती, तर सोडल्यापासून किंवा काढल्यापासून दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत. वेतन संहितेतही शेवटच्या पगाराला दोन कामाचे दिवसच आहेत. "फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी होतं, आमची प्रोसेस आहे" हे कायद्यात बसत नाही. निवृत्ती किंवा मृत्यू झाला तर दोन महिन्यांच्या आत, आणि माणूस गेला असेल तर पैसे वारसाला किंवा नॉमिनीला. घरात असं कोणी गेलं असेल तर पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या बरोबर रजेचे पैसे पण विचारा, दुःखात हे राहून जातं आणि कंपनी स्वतःहून सांगेलच असं नाही.

सेटलमेंटच्या कागदावर "माझे सर्व येणे मिळाले, कोणतीही तक्रार नाही" अशी ओळ छापलेली असते. आकडे तपासल्याशिवाय सही नको, घाई करत असतील तर सहीच्या वर हाताने लिहा "रजेच्या हिशेबाबाबत हरकत राखून" आणि मग सही करा, फोटो काढा.

टॅक्सचं थोडक्यात, नोकरीत असताना रजा विकली तर त्यावर पूर्ण टॅक्स लागतो, नोकरी सोडताना किंवा निवृत्तीला मिळालेल्या रजेच्या पैशांवर खाजगी नोकरदारांना आयुष्यात एकूण २५ लाखांपर्यंत सूट आहे, अर्थात त्यातही हिशेबाच्या अटी आहेत. २०२३ च्या आधी ही मर्यादा ३ लाखांची होती.

आजारपण, बाळंतपण आणि एक अशी रजा जी कोणी सांगत नाही

पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय कापला जातो, तुमचा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. आजारी पडलात तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम ईएसआयकडून मिळते. अट अशी की त्याआधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. पहिल्या दिवशीच ईएसआयच्या दवाखान्यात जा आणि सर्टिफिकेट घ्या. लोक आधी जवळच्या खाजगी डॉक्टरकडे जातात, दहा दिवसांनी ईएसआयमधे जातात आणि मग मागचे दिवस मान्य करून घेताना हैराण होतात. क्षयरोग, कॅन्सर अशा यादीतल्या मोठ्या आजारांना ८० टक्के दराने जास्त काळ, दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. आणि आजारपणाचा लाभ घेत असताना कामावरून काढता येत नाही.

बाळंतपणाची रजा २६ आठवडे, भरपगारी, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी. दोन किंवा जास्त मुलं हयात असतील तर १२ आठवडे. अट एवढीच की प्रसूतीच्या अंदाजित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. गर्भपात झाला तर सहा आठवडे, ही रजा मागायला बायका लाजतात किंवा घरचे सांगतात ऑफिसात बोलू नको, पण डॉक्टरचा कागद लावला की ती द्यावीच लागते. तीन महिन्यांच्या आतलं बाळ दत्तक घेतलं तर १२ आठवडे. या काळात काढून टाकणं बेकायदा आहे आणि कंत्राटावर असलेल्या बाईलाही हे लागू आहे.

आणि ती कोणी न सांगणारी. २०१३ च्या कायद्याखाली लैंगिक छळाची तक्रार केली असेल तर चौकशी चालू असताना तक्रारदार बाई लेखी विनंती करून तीन महिन्यांपर्यंत रजा मागू शकते, समितीने शिफारस केली की ती मिळते आणि ती तिच्या नेहमीच्या रजेतून कापायची नाही. माझ्या नऊ वर्षांत ही एकदाही कोणी मागितलेली मी बघितली नाही, आणि त्याचं कारण कोणाला गरज नव्हती हे नक्की नाही.

नाकारली, पैसे बुडवले, तर कुठे जायचं

आधी कंपनीतच लेखी तक्रार, सात दिवसांची मुदत देऊन. युनियन असेल तर प्रतिनिधीला प्रत द्या. उत्तर नाही आलं तर तुमच्या जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा, मुंबईत वांद्रे कुर्ला संकुलातलं कामगार भवन, बाकी ठिकाणी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथे सरकारी कामगार अधिकारी असतात. दुकान कायद्यात ज्याला आधी इन्स्पेक्टर म्हणायचे त्याला आता फॅसिलिटेटर म्हणतात, रजा नाकारली तर त्याला कळवायचा हक्क कामगाराला त्याच कायद्यात दिलेला आहे.

जाताना पिशवीत काय असावं ते सांगते, अपॉइंटमेंट लेटर किंवा आयकार्ड, वर्षभराच्या पेस्लिपा, पगार जमा झालेलं बँकेचं पासबुक, अर्जांच्या पोचपावत्या, आणि एका पानावर हिशेब. लेटर नाही, पेस्लिप नाही असं असेल तरी जा, पीएफचं पासबुक, ईएसआयचं कार्ड, गेटपास, युनिफॉर्ममधला फोटो, सुपरवायझरचे शिफ्टचे मेसेज हे सगळं तुम्ही तिथे कामाला होतात हे दाखवायला उपयोगी पडतं. तक्रार दिली की इनवर्डचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तिथे तारीख लागते, मालकाला नोटीस जाते. माझ्या बघण्यात रजेची बरीच प्रकरणं या नोटीसवरच मिटलीत कारण रक्कम कंपनीच्या मानाने लहान असते आणि त्यांना कागद वाढवायचे नसतात. नाही मिटलं तर वेतन संहितेखाली पगाराच्या येण्याचा दावा करता येतो, मुदत तीन वर्षांची आहे (जुन्या वेतन प्रदान कायद्यात ती एकच वर्ष होती), आणि अधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, महिलांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

हिशेबाचं पान असं करा. डावीकडे वर्ष, मग कामाचे दिवस, मग वीसने भागून आलेली रजा, घेतलेली, अर्ज करून नाकारलेली, शिल्लक, दिवसाचा दर आणि शेवटी रक्कम. प्रत्येक नाकारलेल्या रजेपुढे अर्जाची तारीख लिहा. कामगार अधिकाऱ्याकडे दिवसाला कितीतरी माणसं येतात, त्याला गोष्ट ऐकायला वेळ नसतो पण असं पान समोर ठेवलं की तो पेन घेऊन बेरीज तपासायला लागतो. कामाच्या दिवसांचा आकडा आठवत नसेल तर पेस्लिपवर "हजर दिवस" असतात ते बारा महिन्यांचे मिळवा, आणि पेस्लिपही नसेल तर आजपासून घरातल्या कॅलेंडरवर कामाच्या प्रत्येक दिवशी टिक करायला लागा, डिसेंबरपर्यंत तेवढं मस्टर तुमच्या भिंतीवर तयार असेल.